जुळ्यांच्या पालकांची तयारी: आधी वार विचारा, मग तारखा ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: प्रसूतिपूर्व वर्ग घेणाऱ्या एका परिचारिकेकडे या वेळी जुळ्यांची वाट पाहणारी दोन जोडपी आली आहेत. त्यांना नेहमीच्याच वर्गात बसवून शेवटी अर्धा तास जुळ्यांविषयी बोलावं, की त्यांचं सगळं वेगळं करावं?

वेगळं करा. जुळ्यांच्या पालकांना जे सांगायचं त्यातलं बरंचसं इतरांसारखंच असतं. चुकते ती वेळ. नेहमीचा वर्ग तिसाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतो आणि छत्तिसाव्याला संपतो. जुळ्यांच्या शंभरातल्या साधारण ६० गरोदरपणांत बाळं ३७ आठवड्यांच्या आत येतात. तिळ्यांमध्ये तर शंभरातली सुमारे ७५ कुटुंबं ३५ आठवड्यांच्या आतच मोकळी होतात. म्हणजे नेहमीच्या वेळापत्रकात स्तनपानाचा तास येईपर्यंत बाळं पेटीत असतात आणि आई दूध काढायच्या पंपाशी झुंजत असते. शिवाय तिसाव्या आठवड्यात जुळ्यांचं पोट एकट्या बाळाच्या भरल्या दिवसांच्या पोटाजवळ पोचायला लागतं. अशी बाई दोन तास खुर्चीवर बसू शकत नाही. पहिली भेट सोळा ते वीस आठवड्यांत घ्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याआधी सगळं आटपा. प्रसूती कशी होईल, दूध कसं पाजायचं, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काय असतं, हे सगळं त्याआधी. दवाखान्याची पिशवीही अठ्ठाविसाव्या आठवड्यात भरून दाराशी.

पहिल्या भेटीत पहिला प्रश्न एकच: वार (प्लॅसेंटा, म्हणजे नाळेतून बाळाला पोसणारा भाग) किती आणि बाळांभोवतीच्या पाण्याच्या पिशव्या किती? बहुतेक जोडपी याचं उत्तर "एकसारखी आहेत की नाहीत माहीत नाही" असं देतात. एकसारखी असण्याचा आणि वारेचा संबंध आहे, पण तो सरळ नाही. एकाच बीजापासून झालेली जुळी पहिल्या तीन दिवसांत विभागली तर त्यांनाही दोन वेगळ्या वारा आणि दोन पिशव्या मिळतात. चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान विभागली तर वार एक, पिशव्या दोन. त्यानंतर विभागली तर वारही एक आणि पिशवीही एक, पण हा प्रकार क्वचितच दिसतो. धोका ठरतो तो वारेवरून. बाळं दिसायला सारखी असतील का, यावरून नाही.

हे नेमकं कळतं ते ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत. दोन बाळांमधला पडदा वारेला जिथे चिकटतो तिथे वारेचा पाचरीसारखा भाग आत घुसलेला दिसला तर वारा दोन. पडदा पातळ आणि काटकोनात टेकलेला दिसला तर वार एक. चौदाव्या आठवड्यानंतर ती पाचर बारीक होत जाते, दोन वारा शेजारी वाढून एकमेकींना चिकटतात आणि मग चांगल्या सोनोलॉजिस्टलाही खात्रीने सांगता येत नाही. बाळांचं लिंग वेगळं असेल तर वारा दोनच असं जवळजवळ गृहीत धरता येतं. ते सारखं असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. म्हणून पालकांना सांगा: त्या पहिल्या सोनोग्राफीचा कागद आणि फिल्म दोन्ही जपून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, आणि रिपोर्टात वारेचा उल्लेखच नसेल तर चौदावा आठवडा संपायच्या आत परत जाऊन विचारा. ती माहिती नसेल तर डॉक्टर वार एकच आहे असं धरून चालतात. सुरक्षित मार्ग तोच, पण त्यात तपासण्या दुप्पट होतात.

दोन वारा असतील तर विसाव्या आठवड्यापासून साधारण दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी पुरते. एकच वार असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी. याचं कारण पालकांना नीट समजावून सांगा, नाहीतर "सगळं नॉर्मल आहे तर कशाला" म्हणून मधली एक तारीख चुकवली जाते.

एका वारेच्या पृष्ठभागावर दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक वेळा देवाणघेवाण बरोबरीची राहते. अशा गरोदरपणांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांमध्ये ती एकतर्फी होते. एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जात राहतं. देणाऱ्या बाळाला लघवी कमी होते, त्याच्या भोवतीचं पाणी आटतं आणि सर्वांत खोल जागी २ सेंटिमीटरपेक्षाही कमी उरतं. घेणाऱ्याला लघवी जास्त, त्याच्या पिशवीत पाणी ८ सेंटिमीटरच्या वर जातं आणि हृदयावर ताण येतो. पंधरवड्याच्या सोनोग्राफीत हेच दोन आकडे पाहतात. वेळेत सापडलं तर साधारण २६ आठवड्यांपर्यंत दुर्बिणीतून लेझरने त्या जोडवाहिन्या बंद करता येतात. ही सोय मोजक्याच केंद्रांत असते, म्हणून आपले डॉक्टर अशा कोणत्या केंद्राकडे पाठवतात हे जोडप्याने सोळाव्या आठवड्यातच विचारून ठेवावं. दोन सोनोग्राफ्यांच्या मध्ये आईने काय पाहायचं? दोन-चार दिवसांत पोट एकाएकी वाढलं, कातडी ताणून चकचकीत झाली, आडवं पडलं की दम लागतो, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जायचं. आणि हेही स्पष्ट सांगा की आईच्या खाण्यापिण्याने, कामाने किंवा कोणत्या कुशीवर झोपली त्याने हा आजार होत नाही. तुम्ही सांगितलं नाही तर तो दोष ती स्वतःकडे घेतेच.

वजनातला फरक हा वेगळा विषय. मोठ्या बाळाच्या अंदाजी वजनातून लहानाचं वजा करून मोठ्याच्या वजनाने भागायचं. एक २००० ग्रॅम आणि दुसरं १५०० असेल तर फरक २५ टक्के. २० टक्क्यांपर्यंत पोचला की तपासण्या वाढतात, २५ ला पोचला की तज्ज्ञांकडे पाठवतात. त्याच्या खालचा फरक नेहमीचाच; दोन भावंडं सारख्या वजनाची असावीत असा काही नियम नाही.

खाण्याबद्दल फार बोलायची गरज नाही, कारण घरचे पुरेसं बोलतात. "तिघांचं जेवण" एवढं मात्र खोडून काढा. आधीचं वजन योग्य असलेल्या बाईचं जुळ्यांमध्ये पूर्ण दिवसांपर्यंत सुमारे १७ ते २५ किलो वाढणं अपेक्षित असतं. आधीच वजन जास्त असेल तर १४ ते २३. पोट जठराला वर ढकलत असतं, त्यामुळे तीन मोठ्या जेवणांपेक्षा सहा छोटी बरी. लोह कमी पडण्याचं प्रमाण जुळ्यांमध्ये बरंच असतं, म्हणून २० ते २४ आठवड्यांत हिमोग्लोबिन एकदा जादा तपासतात आणि अठ्ठाविसाव्याला परत. प्रसूतीत रक्तस्राव जास्त होण्याची शक्यता असते, तेव्हा ११ च्या आसपासच्या हिमोग्लोबिनने प्रसूतीला जाणं आणि ८ ने जाणं यात फार फरक पडतो. रक्तदाब वाढण्याचा धोकाही जुळ्यांत जास्त असल्यामुळे अनेकींना बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. ती डॉक्टरांनी दिली असेल तर शेजारणीचं ऐकून बंद करू नये आणि दिली नसेल तर स्वतःहून सुरू करू नये.

झोपून राहण्याबद्दल मात्र ठाम बोला. जुळी आहेत म्हणून विसाव्या आठवड्यापासून पलंगावर, हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. सरसकट झोपवून ठेवल्याने जुळी जास्त दिवस पोटात राहतात असं दिसलेलं नाही. पायात रक्ताच्या गुठळ्या होणं, स्नायू गळणं आणि मन खचणं हे तोटे मात्र खरे आहेत. सगळ्याच जुळ्यांना गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालणं किंवा सरसकट प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं संप्रेरक) देणं यालाही आधार नाही. तोंड आखूड झालेलं सोनोग्राफीत दिसलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर त्या बाईपुरतं ठरवतात. उभं राहण्याचं काम कमी करायचं, दुपारी कुशीवर तासभर पडायचं, थोडं चालत राहायचं. इतकंच.

धोक्याच्या खुणांचा कागद द्या, पण तो वाचून दाखवण्यापेक्षा घरी कोणाला कशाचा फोन करायचा हे त्यांच्याकडूनच वदवून घ्या. तासाभरात पाच-सहा वेळा पोट कडक होऊन सैल पडतंय, कंबरेत कळ येऊन जाते, खाली दाबल्यासारखं वाटतं, पाणी जातंय किंवा अंगावर रक्त जातंय: यातलं काहीही झालं तर लगेच निघायचं. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्याला एकाएकी सूज, रक्तदाब १४०/९० च्या वर: त्याच दिवशी. तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज आणि अंगावर पुरळ मात्र नाही: यकृताची तपासणी, तीही त्याच दिवशी. खाजेचं कुणी सांगत नाही, कारण ती त्वचेची बाब वाटते.

बाळांच्या हालचालींबाबत एक चूक बहुतेक जोडपी करतात: डावीकडचं किती वेळा, उजवीकडचं किती वेळा, असा हिशेब लिहीत बसतात. कोणाची लाथ कोणती हे आईला खात्रीने ओळखता येत नाही. एकूण हालचालींची रोजची चाल ओळखीची करून घ्यायची आणि ती मंदावली की जायचं. घरी ठोके ऐकायचं छोटं यंत्र घेऊ नका असं सांगा. एकाच बाळाचे ठोके दोन ठिकाणी ऐकू येतात आणि दोन्ही ठीक आहेत असा खोटा दिलासा मिळतो.

लवकर का निघायचं, हे कळलं की पालक निघतात. चौतीस आठवड्यांच्या आत प्रसूतीची चिन्हं असतील तर फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. नेहमीच्या पद्धतीत १२ मिलीग्रॅम बीटामेथासोन, २४ तासांच्या अंतराने दोनदा. पूर्ण उपयोगासाठी पहिल्या इंजेक्शननंतर एक दिवस तरी हाती असावा लागतो, आणि सात दिवसांनंतर तो ओसरत जातो. म्हणूनच जुळी आहेत म्हणून आधीच घेऊन ठेवू, हेही बरोबर नाही. बत्तीस आठवड्यांच्या आत मेंदूच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियमही लावतात. ते शिरेतून जाताना अंगात उष्णता आणि मळमळ जाणवते. आधी सांगून ठेवलेलं असलं की घाबरायला होत नाही.

प्रसूतीचा दिवस

तारखेबद्दल पालकांना गोंधळात टाकणारं एक सत्य आहे: जुळ्यांना चाळीस आठवडे नसतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार दोन वारा असलेल्या आणि गुंतागुंत नसलेल्या जुळ्यांची प्रसूती ३७ आठवड्यांना, एक वार आणि दोन पिशव्या असतील तर ३६ ला, आणि एकाच पिशवीत दोन्ही असतील तर ३२ ते ३४ च्या दरम्यान करण्याचा सल्ला दिला जातो. अमेरिकेत दोन वारांसाठी ३८ पर्यंत थांबतात. एकाच पिशवीत नाळा एकमेकींत गुंततात, त्यामुळे तिथे सिझरच.

इतरांसाठी पहिल्या बाळाचं डोकं कुठे आहे यावर बरंच ठरतं. पहिलं आडवं किंवा पायाळू असेल तर सहसा सिझर. पहिल्याचं डोकं खाली असेल तर दुसरं कसंही असलं तरी, दुसऱ्याचं वजन पहिल्यापेक्षा फार जास्त नसेल आणि डॉक्टरांचा हात सरावाचा असेल, तर नॉर्मलचा प्रयत्न योग्य असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या सुमारे २८०० स्त्रियांच्या अभ्यासात अशा जुळ्यांसाठी आधीच ठरवून सिझर केल्याने बाळांचा फायदा झालेला दिसला नाही. त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही सांगा: नॉर्मल ठरवलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांचं शेवटी सिझरच झालं. म्हणून नॉर्मलची इच्छा असलेल्या जोडप्यालाही सिझरचा तास पूर्ण द्या.

खोलीत काय होणार ते क्रमाने सांगा. हाताच्या शिरेत सुई लावलेली, रक्तगट जुळवून ठेवलेला. पोटावर दोन ठोकेमापक पट्टे, किंवा एक पोटावर आणि पहिल्या बाळाच्या डोक्याला एक छोटी तार. शेजारी सोनोग्राफीचं फिरतं यंत्र. प्रत्येक बाळासाठी वेगळा डॉक्टर आणि परिचारिका, भूलतज्ज्ञ जवळ. दहा-बारा माणसं सहज होतात. अनेक ठिकाणी प्रसूती शस्त्रक्रियागृहातच करतात. हे माहीत नसलेल्या बाईला इतकी गर्दी पाहूनच वाटतं की काहीतरी बिघडलंय. एपिड्युरलचा (पाठीतून देतात त्या भुलीचा) सल्ला वेदनेपुरता नसतो: दुसऱ्या बाळासाठी हात आत घालावा लागला किंवा तातडीने सिझर करावं लागलं तर भूल आधीच तयार असते.

पहिलं बाळ आलं की त्याच्या नाळेला चिमटा लावतात आणि ते बालतज्ज्ञाकडे जातं. त्याच क्षणी एक जण पोटावर दोन्ही हात ठेवून दुसऱ्या बाळाला उभ्या दिशेत धरून ठेवतो, कारण जागा मोकळी झाली की ते आडवं फिरतं. सोनोग्राफीने डोकं शोधतात. कळा मंदावतात, हे नेहमीचंच, मग ऑक्सिटोसिनचा (कळा आणणाऱ्या औषधाचा) वेग वाढवतात. दुसरं डोक्याने येत असेल तर डोकं खाली उतरेपर्यंत पिशवी फोडायची घाई करत नाहीत. नाळ आधी घसरली तर धावपळ होते. आडवं असेल तर आत हात घालून पाय धरून काढतात. ऐकायला भीतिदायक, सरावाच्या हाताला काही मिनिटांचं. दोघांमध्ये बहुधा अर्ध्या तासापर्यंतचं अंतर असतं. ठोके चांगले असतील तर घड्याळाकडे पाहून घाई नको. दुसऱ्यासाठी तातडीचं सिझर, म्हणजे एक खालून आणि एक पोटातून, शंभरात चार-पाच जणींना लागतं. ही शक्यता तोंडाने सांगा, कागदात दडवू नका.

वार दोन्ही बाळांनंतरच पडते. ताणलेली गर्भपिशवी आकसायला वेळ घेते, म्हणून रक्तस्रावावर लक्ष आणि ऑक्सिटोसिनची बाटली पुढचे काही तास चालू. याच तासात सोबतीचा घोळ होतो: एक बाळ एनआयसीयूत, दुसरं आईजवळ किंवा तेही वर, आणि आई टेबलावर. बाबा एकटाच असेल तर तो दारात अडकतो. दोन माणसं ठरवून ठेवा, एक बाळांमागे जाणारा आणि एक आईपाशी थांबणारा, आणि त्यांची नावं फाइलच्या पहिल्या पानावर लिहा.

एनआयसीयू आणि दूध

अठ्ठाविसाव्या आठवड्याआधी पालकांना एनआयसीयू एकदा दाखवा. शक्य नसेल तर फोटोंवरून समजावा: पेटी, नाकातली नळी, पायाला बांधलेला लाल दिवा, सतत वाजणारे गजर. चौतीस आठवड्यांच्या आतलं बाळ चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ सहसा घालू शकत नाही. त्यामुळे नळीतून दूध, आणि ते आजारी असण्याची खूण नाही. दोघं एकाच दिवशी घरी येतीलच असं नाही. एक घरी आणि एक पेटीत हा काळ सगळ्यात ओढाताणीचा, म्हणून दुसऱ्याला भेटायला कोण कधी जाणार ते आधी ठरवा. तब्येत स्थिर झाली की उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लावून धरणं आई आणि बाबा दोघांनीही करावं. दोन्ही बाळं एकाच वेळी छातीवर मावतात.

बाळ वेगळं असेल तर दूध काढणं पहिल्या तासात, नाही जमलं तर सहा तासांच्या आत सुरू व्हावं. पहिले दोन दिवस चिकाचं दूध थेंबांनी येतं. ते पंपात चिकटून वाया जातं, म्हणून हाताने काढून छोट्या सिरिंजमध्ये घ्यायचं. पुढे दिवसाकाठी आठ ते दहा वेळा, रात्रीही, आणि पाच तासांपेक्षा मोठी फट नको. हात कसा ठेवायचा हे वर्गातच शिकवा: अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या थोडी मागे, आधी छातीकडे दाब, मग एकमेकांकडे, त्वचेवर घासत न जाता.

थेट पाजायला लागल्यावर सुरुवातीला एकेकाला पाजावं, म्हणजे कोणाची पकड कच्ची आहे ते कळतं. दोघं नीट धरायला लागली की एकदम. दोन्ही काखांखाली पाय मागे, डोकी पुढे, मान तळहातावर, खाली घट्ट उशी. जोरात चोखणाऱ्यामुळे दूध उतरतं आणि कमजोर असलेल्याला आयतं मिळतं. बाजू रोज बदला, नाहीतर एका स्तनात दूध कमी होत जातं.

दर बाळाला दिवसाला ८ ते १२ वेळा पाजायचं, म्हणजे घरात १६ ते २४. रात्री तीनला "याचं झालं का" हे कोणालाच आठवत नाही. भिंतीवर तक्ता लावा: बाळ, वेळ, बाजू किंवा मिली, शू, शी, औषध. एकाला औषध दोनदा आणि दुसऱ्याला एकदाही नाही, ही चूक तक्ता नसलेल्या घरांत होते. अगदी एकसारखी दिसत असतील तर एकाच्या पायाच्या नखाला रंग लावा आणि तोवर दवाखान्यातली पट्टी काढू नका. झोपताना दोघं पाठीवर, प्रत्येकाची जागा वेगळी.

मदतीला येतो म्हणणाऱ्यांना तास ठरवून द्या. रात्री दहा ते दोन एक जण, दोन ते सहा दुसरा. उद्देश एवढाच की आईला सलग चार तास झोप मिळावी. जुळ्यांच्या आयांमध्ये प्रसूतीनंतरचं नैराश्य जास्त दिसतं. ओळखायला सोपा प्रश्न असा: झोपायची संधी मिळाली तरी झोप येते का? नाही, असं उत्तर दोन आठवडे येत असेल तर डॉक्टर. बाबालाही विचारा, त्याला सहसा कुणी विचारत नाही.

एक विषय सगळ्यांसमोर काढू नका, जोडप्याशी एकटं बोला: एक बाळ जाण्याची शक्यता. पहिल्या तिमाहीत दोनाचं एक होणं दुर्मीळ नाही. एक वार असताना नंतर एक गेलं तर उरलेल्यालाही त्याच जोडवाहिन्यांमुळे धोका पोचतो, म्हणून अशा वेळी लगेच तज्ज्ञांकडे जावं लागतं. असं झालेलं असेल तर उरलेल्या बाळाबद्दल बोलताना "एक तरी आहे ना" हे वाक्य तुमच्या तोंडून येऊ देऊ नका.

घरी गेल्यावर वयाचा हिशेब दोन प्रकारे करायचा असतो, तोही लिहून द्या. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर लसी जन्मतारखेप्रमाणे. मान धरणं, पालथं पडणं, बसणं हे मात्र जितके आठवडे लवकर जन्मली तितके वजा करून, दोन वर्षांपर्यंत. तेहतीस आठवड्यांना जन्मलेली जुळी चार महिन्यांची झाली की विकासाच्या दृष्टीने ती जेमतेम अडीच महिन्यांची असतात.